आधी तीन बाटल्या, मग पाणीवाला

पत्र: मावशी, जूनमध्ये आम्ही नाशिकहून बडोद्याला आलो. नवऱ्याची बदली मकरपुरा जीआयडीसीत, घर मांजलपूरला, जुन्या सोसायटीतलं भाड्याचं टेनामेंट. मालक सुरतला. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दीड वर्षाची लेक. कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी पाऊण तास, बाकी दिवसभर सोसायटीचा बोर. आल्यापासून स्वयंपाकघरातल्या नळाला कुबट वास येतोय, बादल्यांना पांढरे थर बसतात. फोनवर शोधून एकाला बोलावलं. त्यानं पाण्यात पेन बुडवून 640 आकडा दाखवला, मग ग्लासांत सळ्या सोडून आमचं पाणी चॉकलेटी करून दाखवलं आणि आरओत 'किट' बसवून 4,200 रुपये घेतले. पावती नाही, वास तसाच. टँकरसाठी एकाला 900 रुपये आगाऊ पाठवले, तो आलाच नाही. टाकी धुणारा रोज 'उद्या' म्हणतो. नवरा म्हणतो, पाण्याचा जडपणा काढणारं 28,000 चं सॉफ्टनर बसवू. सासूबाई सगळं पाणी उकळत बसतात. गणपतीत सासरची वीस माणसं येणार आहेत आणि ह्या गावात आमच्या ओळखीचं कुणी नाही. पाण्याच्या कामाला भरवशाची माणसं शोधायची तरी कुठे? — वैतागलेली सूनबाई, मांजलपूर

पत्रात मावशी म्हणालीस, तेव्हा मी अगं-तुगंच करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. टँकरवाला, टाकीवाला, आरओवाला, सॉफ्टनरवाला, असे चार जण तुला हवेत. मला वाटतं, चौघांपैकी दोघांची तुला गरजच नाही. पण कोणत्या दोघांची, ते ना तुला ठाऊक, ना मला, आणि जो पेन घेऊन आला होता त्याला तर ते ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं. आपल्या पाण्याला काय झालंय हे ज्याला सांगता येत नाही, त्याला दारात आलेला माणूस सांगेल ते खरं मानावं लागतं. तुझे 4,200 तिथे गेले.

मी बत्तीस वर्षं शाळेत रसायन शिकवलं. त्यामुळे त्या चॉकलेटी ग्लासाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याच्या यंत्राला ज्या सळ्या होत्या ना, त्यातली एक लोखंडाची. वीज सोडली की ती सळीच पाण्यात विरघळायला लागते आणि जो लालसर-तपकिरी गाळ वर येतो तो त्या लोखंडाचा गंज. तुझ्या पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरते, म्हणून त्यातून वीज नीट वाहत नाही आणि तो ग्लास स्वच्छ राहतो. पुन्हा कुणी असा खेळ मांडला तर हसून म्हण, 'भाऊ, ह्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकू का?' टाकलंस की तोही चॉकलेटी होईल. आमच्या शेजारच्या काकांनी हा प्रयोग केला तेव्हा तो मुलगा चहा न घेताच गेला.

पेनाचं तसं नाही. पेन खोटं बोलत नाही, पण फार थोडं बोलतं. पाण्यात विरघळलेले क्षार किती, एवढंच ते सांगतं, तेही वीज किती वाहते त्यावरून. साखर विरघळवलीस तर आकडा ढिम्म हलत नाही. जंतूंचं तर त्याला काहीच कळत नाही. गटार मिसळलेल्या पाण्याचा आकडा 250 असू शकतो आणि खोल बोरच्या निर्जंतुक पाण्याचा 900. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, म्हणतं की क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावेत. म्हणजे 640 हा घाबरण्याचा आकडा नाही. फक्त तो आला कुठून, हे विचारायला हवं होतं.

तेच आता तू विचार. पेन तू स्वतः विकत घे, काहीशे रुपयांत मिळतं. तीन पारदर्शक बाटल्या धुऊन ठेव. सकाळी कॉर्पोरेशनचं पाणी आलं की टाकीत पडायच्या आधी, थेट लाइनच्या नळाला पहिली बाटली भर. पहिली दोन-तीन मिनिटं पाणी वाहू दे, नाहीतर पाइपात रात्रभर साचलेलंच हाती येईल. दुसरी बाटली निव्वळ बोरची. तिसरी स्वयंपाकघरातल्या नळाची. तिन्हींवर चिठ्ठी चिकटव, झाकणं घट्ट लाव, सावलीत ठेव. संध्याकाळी झाकण उघडल्याबरोबर नाक लाव, मग तळाशी काय बसलंय ते बघ, मग पेन बुडव.

समजा, लाइनचं पाणी 200 निघालं, बोरचं 1,200 आणि स्वयंपाकघराचं तेच 640. म्हणजे तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्यात शंभरात 44 भाग बोर आहे. जुन्या टेनामेंटांत हे सर्रास असतं: कॉर्पोरेशनची लाइन आणि बोरचा पाइप दोन्ही जमिनीतल्या एकाच टाकीत सोडलेले, तिथून मोटर वर चढवते. गोड्या पाण्यात आपणच खारं पाणी ओततो, मग त्यातलं मीठ काढायला यंत्र विकत घेतो आणि ते यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं! ह्यावर उपाय आरओवाला नाही, प्लंबर आहे. लाइनच्या पाण्याचा एक वेगळा पाइप आणि छोटी वेगळी टाकी, फक्त स्वयंपाकघरापुरती. घरमालकाला तिन्ही आकडे लिहून पाठव. 'पाणी खराब आहे' म्हटलं की मालक 'बडोद्याचं पाणी असंच' म्हणतो. आकडे पाठवले की निदान फोन उचलतो. शिवाय पाइप त्याच्या घराला राहणार आहे, तू काही तो नाशिकला उचलून नेणार नाहीस.

आता वास. वास फक्त तिसऱ्या बाटलीला असेल तर दोष टाकीचा किंवा घरातल्या पाइपांचा. बोरच्या बाटलीला असेल, आणि तोही पावसाळ्यात सुरू झालेला, तर बोरच्या तोंडाशी पावसाचं पाणी उतरतंय का ते सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखव. पण पहिल्या, म्हणजे थेट लाइनच्या बाटलीला वास असेल तर मात्र कुठल्याही खासगी माणसाला फोन करू नकोस. त्या दिवसापासून लेकीला फक्त उकळलेलं पाणी दे आणि शेजारच्या तीन घरांत जाऊन त्यांच्या लाइनच्या नळाचा वास घे. सगळ्यांकडे येत असेल तर रस्त्यातली लाइन कुठेतरी फुटलीय आणि तक्रार कॉर्पोरेशनची. फक्त तुझ्याकडे असेल तर मेन लाइनपासून घरापर्यंत आलेला तुमचा जोड सडलाय, बहुतेक ड्रेनेजच्या चेंबरला खेटून गेलेला लोखंडी पाइप असेल. तो साधारणपणे मालकालाच बदलावा लागतो.

इथे एक गोष्ट हळूच विचारते. तुमच्याकडे लाइनला थेट मोटर तर लावलेली नाही ना? पाऊण तासात टाकी भरत नाही म्हणून बरेच जण लावतात. ती मोटर पाइपातलं पाणी ओढते तेव्हा पाइपाच्या भेगांतून बाहेरचं सांडपाणीही आत ओढलं जातं. स्वतःच्या घरात आणि शेजाऱ्याच्याही. नियमातही ते बसत नाही. असेल तर आधी ती काढ. लाइनचं पाणी आपल्या जोरानं जमिनीतल्या टाकीत पडू दे आणि मोटर त्या टाकीतून वर चढवायला वापर.

लाइनची तक्रार करायची तर वॉर्ड ऑफिसला जा. वॉर्ड वेरा बिलावर, म्हणजे घरपट्टीच्या बिलावर, असतो, बिल मालकाकडे असेल तर फोटो मागव. तोंडी सांगून येऊ नकोस, तक्रारीचा नंबर घे. आणि येणाऱ्या माणसाला सांग, लाइनच्या नळाला क्लोरीन तपासून द्या. त्यांच्याकडे छोटी किट असते. परीक्षानळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळी झाक येते. नळाशी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा असं मानक आहे. पिवळं झालंच नाही तर वाटेत काहीतरी शिरतंय, हे त्यालाही कळतं आणि मग वाद घालावा लागत नाही.

पण तुझ्यासाठी ऑफिसपेक्षा मोठा माणूस म्हणजे वाल्वमन. रोज सकाळी तुमच्या भागाचा वाल्व उघडणारा. लाइन कुठून कुठे गेलीय, मागच्या महिन्यात कुठे खोदलं होतं, कोणत्या गल्लीत शेवटच्या घरांना जोर कमी पडतो, हे त्याच्या डोक्यात असतं. बडोद्याला पाणी येतं मुख्यतः आजव्याच्या सयाजी सरोवरातून आणि महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून. आजवा सयाजीराव महाराजांनी बांधवलं, आणि तिथून उतारानंच पाणी शहरात आणलं. विहिरींचं पाणी नदीच्या वाळूतून गाळून येतं. तुमच्या टाकीवर ह्यातलं कुठलं चढतं, पाळी कधी बदलते, दुरुस्तीसाठी कधी बंद राहणार, हे सगळं त्याला विचार. दोन दिवस सकाळी फाटकाशी उभी राहा, भेटेल. दिवाळीला आठवण ठेव.

आता तुझा मुख्य प्रश्न. ओळखीचं कुणी नाही म्हणतेस. ओळख लागते ती माणसाशी नव्हे, तर तो आधी ज्या घरी येऊन गेलाय त्या घराशी. आणि तसं घर तुझ्या सोसायटीतच आहे.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीला इथे मोठा पूर आला होता. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, त्या वेळी नदी 35 च्या वर गेली होती. किती घरांच्या जमिनीतल्या टाक्या चिखलानं आणि गटाराच्या पाण्यानं भरल्या ह्याची गणती नाही. सगळ्या शहराला एकाच आठवड्यात टाकी धुणारा हवा होता. त्या आठवड्यात कोण आला, कोणी दुप्पट मागितले, कोण वरवर झाडू मारून गेला, हे बायकांच्या अजून तोंडपाठ आहे. तेव्हा तुमच्या गल्लीतली, किंवा जिथे पाणी शिरलं होतं त्या पलीकडच्या गल्लीतली, जुनी घरं गाठ आणि विचार, 'पुरानंतर टाकी कोणाकडून धुवून घेतलीत?'

आणि एवढ्यावर थांबू नकोस. 'कोण चांगला?' असं विचारलं की लोक भिडेखातर एखादं नाव सांगून मोकळे होतात. कधी ते भाच्याचंच असतं. खरा प्रश्न दुसरा: 'नंतर पुन्हा त्यालाच बोलावलंत का?' उत्तर द्यायला बाई जेवढा वेळ लावेल तेवढ्यात तुला काय ते कळेल. किती पैसे घेतले तेही तेव्हाच विचार, शेजारणी आकडा विसरत नाहीत. तीन घरांचा आकडा साधारण एक आला की तोच इथला दर.

दुसरं ठिकाण, तुमच्या जवळचं हार्डवेअरचं दुकान. चकचकीत शोरूम नव्हे. जिथे बॉलकॉक, वायसर, टेफ्लॉन टेप सुटी मिळते ते. दुपारी तीनच्या सुमाराला, गर्दी नसताना जा. प्लंबर लोक तिथून उधारीवर माल नेतात. कोण उधारी फेडतो, कोण हलका माल मागतो आणि गिऱ्हाइकाला चांगल्याचे पैसे लावतो, हे त्या गल्ल्यावरच्या माणसाइतकं कुणाला माहीत नसतं. उघड तो कुणाची निंदा करणार नाही, धंदा आहे त्याचा. तू एवढंच म्हण, 'तुमच्या घरचं काम कोण करतं?' त्याच्या घरी जाणाऱ्याचा नंबर घे.

कडियानाक्यावरून, म्हणजे रोजंदारीचे मजूर सकाळी उभे असतात तिथून, माणूस आणू नकोस. तिथली माणसं वाईट असतात म्हणून नव्हे, कष्टाळू असतात बिचारी. पण जोड उद्या गळला तर त्याला शोधायचं कुठे? पाण्याचं काम त्याच दिवशी कळत नाही, आठ दिवसांनी कळतं. म्हणून तुझ्या रस्त्यानं उद्याही जाणारा माणूस हवा.

फोनवर शोधूच नये असं मी म्हणणार नाही, नव्या गावात शोधावं लागतंच. पण आरओच्या कंपनीचा 'कस्टमर केअर' नंबर शोधून कधी लावू नकोस. वर दिसणारे कितीतरी नंबर कंपनीचे नसतातच, आणि यादीत पहिलं यायला पैसे मोजता येतात. नंबर घ्यायचा तो यंत्रावरच्या स्टिकरवरून, पुस्तिकेतून, नाहीतर कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून. बाकी कुणाला लावलास तर पत्ता विचार, आणि नुसता पत्ता नव्हे. 'तुलसीधाम चार रस्त्यावरून कसं यायचं तुमच्याकडे?' इथला असेल तर तो लगेच सांगेल, डावीकडे वळा, अमुक डेअरी लागेल. 'मॅडम, लोकेशन पाठवा, टेक्निशियन येईल' एवढंच ऐकू आलं तर ठेवून दे. तो अहमदाबादेत बसलाय की आणखी कुठे, देव जाणे.

माझीही फसगत सांगते, नाहीतर म्हणशील मावशीला सगळं येतं. त्याच पुरानंतर आमच्या कारेलीबागेतल्या घरी मी 'अर्जंट' म्हणून एकाला बोलावलं. गल्लीत कुणाला विचारलं नाही, घाई झाली होती. त्यानं पाऊण तासात टाकी 'धुतली', वरून ब्लीचिंग पावडरची अख्खी पिशवी उलटी केली आणि निघून गेला. तीन दिवस अंगाला, भांड्यांना, वरणाला तोच वास. तुळस जळाली. चौथ्या दिवशी टाकी रिकामी केली तर तळाशी हातभर चिखल जसाच्या तसा, आणि त्याचा झाडू. झाडू अजून आहे माझ्याकडे, अंगण झाडायला बरा पडतो.

म्हणून टाकी धुवून घेताना तू तिथे उभी राहा. आधी मोटरचा मुख्य स्विच बंद. झाकणं उघडून टाकी बराच वेळ मोकळी राहू दे. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, उघडल्या उघडल्या कुणाला आत उतरू देऊ नकोस, आणि एक माणूस आत असेल तर दुसरा बाहेर हवाच. एकटाच आला तर परत पाठव. गाळ आधी बाहेर निघाला पाहिजे, बादलीनं नाहीतर पंपानं. मग भिंती घासणं, मग धुणं, मग ते धुवणही बाहेर. ॲसिड वापरायला निघाला तर थांबव. टाकी कोरडी असतानाच बॅटरी मारून भेगा बघ, विशेषतः ज्या बाजूला ड्रेनेजचं चेंबर आहे त्या भिंतीला. ओल बाहेरून आत येत असेल तर धुणं वाया, आधी प्लास्टर.

पावडरचं गणित सोपं आहे. टाकीची लांबी, रुंदी, पाण्याची उंची फुटांत मोज. 6, 5 आणि 4 असेल तर 120 घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर, म्हणजे जवळजवळ 3,400 लिटर. चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम पुरते, म्हणजे तुला साडेआठ ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि निदान तासभर नळ उघडायचा नाही. झालं. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख लिहून ठेव.

हाच आकडा टँकरवाल्याला उपयोगी पडतो. 3,400 लिटरच्या टाकीसाठी 5,000 लिटरचा टँकर मागवलास तर उरलेलं पाणी रस्त्यावर आणि पैसे तुझे. सोसायटीतल्या दोन घरांनी मिळून मागवावा. भरतो कुठे, हे विचार. तो अडखळला तर ते पाणी फक्त धुण्या-पुसण्याला. पैसे पाणी टाकीत पडल्यावर. कॉर्पोरेशनचं पाणी आलंच नसेल तर आधी वॉर्ड ऑफिसला टँकर माग, खासगी नंतर.

वीस माणसांच्या जेवणाला जार लागतील. सीलबंद वीस लिटरचा जार आणि दुकानांत फिरतो तो गार पाण्याचा थर्मासचा जग, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्मासमधलं पाणी गार असतं, ह्यापलीकडे त्याची कुणी हमी घेतलेली नसते. जारावर सील हवं, भरल्याची तारीख हवी आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक हवा. वर आयएसआयचं चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालून बघ, कारखान्याचं नाव येतं. जारावरच्या नावाशी जुळलं तर घे. लेकीला मात्र जारातलंही उकळूनच.

सॉफ्टनर? आत्ता नाही. पांढरे थर हा बोरचा जडपणा. त्यानं साबणाला फेस येत नाही, गीझर लवकर जातो, पण प्यायला ते पाणी मुळात घ्यायचंच नाहीये तुला. भाड्याच्या घरात 28,000 घालण्याआधी तो वेगळा पाइप होऊ दे. लाइनचं पाणी 200-300 निघालं तर तुला आरओसुद्धा नको, अतिनील किरणांनी जंतू मारणारं साधं युव्हीचं यंत्र बस्स. तोवर आरओ चालू ठेव, पण पुढच्या वेळी जो येईल त्याच्याकडून काढलेला जुना भाग परत माग आणि नव्यावर तारीख लिहून घे. गाळाचे आणि कार्बनचे फिल्टर सहा महिने ते वर्ष जातात, मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा मुख्य पडदा, दोन-तीन वर्षं. दर चार महिन्यांनी 'किट' बदलायला सांगणारा तुझ्या पाण्याची नाही, त्याच्या महिन्याच्या टार्गेटची काळजी करतोय.

पेनानं जंतू दिसत नाहीत म्हणाले, म्हणून हेही. टाकी धुवून झाल्यावरही मनात शंका राहिली तर पाण्याची जंतूंची चाचणी करून घे. एच-टू-एसच्या बाटल्या मिळतात, पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी दूषित. पक्का अहवाल हवा तर एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळा गाठ. नमुन्याची बाटली त्यांच्याकडूनच घे, घरची सरबताची बाटली नेऊ नकोस.

गेलेल्या पैशांचं थोडक्यात. टँकरवाल्याचे 900 यूपीआयनं गेलेत; 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदव आणि बँकेलाही कळव. उशीर झालाय, पैसे येतील असं वचन मी देत नाही, पण तो नंबर तरी नोंदला जाईल. आरओवाल्याला मेसेजवर पावती माग, लेखी. नाही दिली तर 1915, ग्राहक हेल्पलाइन. 'जाऊ दे ना' असं नवरा म्हणेल. म्हणू दे.

सासूबाईंना उकळण्यापासून अडवू नकोस. ह्या सगळ्या प्रकरणात सुरुवातीपासून बरोबर वागलेल्या त्या एकट्याच आहेत. उकळून क्षार जात नाहीत, जंतू जातात, आणि पावसाळ्यात भीती जंतूंचीच. फक्त बोर मिसळलेलं नको, सकाळचं लाइनचं पाणी वेगळं भरून तेच उकळायला दे. भांड्याच्या तळाशी पांढरं बसणंही कमी होईल.

ह्या आठवड्यात बाटल्या भर, दुपारी दोन घरं आणि ते हार्डवेअरचं दुकान गाठ. टाकी हरतालिकेच्या आधीच्या आठवड्यात धुवून घे, आदल्या दिवशी नव्हे, म्हणजे काही बिघडलंच तर हातात दिवस राहतील. आणि धुण्याचा वार ठरवण्याआधी वाल्वमनला विचार, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी येणार आहे ना ते. नाहीतर टाकी लख्ख आणि रिकामी.